उतरता रुपया आणि परदेशाची वाट

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एका डॉलरची किंमत नव्वद रुपयांच्या पलीकडे गेली. अर्थपंडितांनी नेहमीप्रमाणे आयात-निर्यातीची गणिते मांडली, शेअरबाजाराने दोन दिवस नाक मुरडले, आणि ज्यांना दरवर्षी परदेशवारी केल्यावाचून करमत नाही त्यांच्यासाठी 'रुपया कोणत्या देशात अधिक चालतो' याच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्याच सुमारास प्रस्तुत लेखकाला एका जुन्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. हा गृहस्थ सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. पक्षाच्या शिबिरांत सतरंज्या उचलण्यापासून वर्गणी गोळा करण्यापर्यंत सर्व कामे त्याने बिनतक्रार केली आहेत. त्याच्या मुलीला जर्मनीतील एका सार्वजनिक विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला. तेथील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, ही समाजवादी मनाला सुखावणारी गोष्ट. परंतु व्हिसा मिळविण्यासाठी एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, म्हणजे ११,९०४ युरो, आधी एका बंदिस्त खात्यात भरून दाखवावी लागते.

"सर, जानेवारीत हिशेब केला तेव्हा साडेदहा लाख होत होते. आता साडेबारा लागतील म्हणतात. अभ्यासक्रम तोच, गाव तेच, पोरगीही तीच. मग हे वरचे दोन लाख कशाचे? दोन एकर द्राक्षबाग आहे, ती गहाण टाकू का?"

हा प्रश्न आम्हांला गेल्या कित्येक वर्षांतील अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांहून अधिक नेमका वाटला. वर्तमानपत्रांनी डॉलरचा मथळा केला. पण त्याच वर्षात युरो अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद रुपयांवरून एकशेपाचाच्या घरात गेला होता, याची वार्ता आतल्या पानावर राहिली. डॉलरच्या मानाने रुपया पाच-सहा टक्के उतरला असेल, तर युरोच्या मानाने त्याच्या तिप्पट उतरला. परदेशी जाणाऱ्याने प्रथम लक्षात ठेवावयाची गोष्ट हीच, की 'रुपया' आणि 'परकीय चलन' अशी केवळ दोन पक्षांची ही झुंज नसते. आपण ज्या देशात जाणार त्या देशाचे चलन कोणते, आणि त्याच्याशी आपली हुंडणावळ गेल्या दोन-चार वर्षांत कोणत्या दिशेने चालली आहे, हे पाहावे लागते. सवयीने आधी डॉलर घेऊन ठेवणारे आणि मग परक्या विमानतळावर त्याचे युरो करणारे लोक दोनदा दलाली मोजतात.

या बाबतीत अंकांचा भ्रम फार पसरलेला आहे. व्हिएतनाममध्ये एका रुपयाला जवळजवळ तीनशे डाँग मिळतात म्हणून आपला रुपया तेथे 'राजा' असतो, असे सुशिक्षित माणसेही सांगतात. शून्ये मोजून चलनाची ताकद ठरत नाही. जपानचा येन एका रुपयाहून लहान आहे, साठ पैशांच्या आतबाहेर. म्हणून टोकियोतील खोली भारतीयाला स्वस्त पडते काय? व्हिएतनाम परवडतो तो तेथील जेवण, निवारा आणि प्रवास यांच्या किमती खालच्या आहेत म्हणून. जपानची गोष्ट वेगळ्या कारणासाठी बोधप्रद आहे. २०१२ मध्ये डॉलर पन्नासच्या पुढे होता आणि शंभर येनांना सहासष्ट रुपयांच्या आसपास पडत. २०२५ अखेर डॉलर नव्वदावर गेला, पण शंभर येन अठ्ठावन्नाच्या आसपास आले. येन स्वतःच आपल्याहून वेगाने घसरला होता. दुबळ्या चलनाच्या माणसाने आपल्याहून दुबळे होत चाललेले चलन शोधावे, हे सहलीचे अर्धे शास्त्र आहे. उरलेले अर्धे बारीकसारीक काटकसरीचे. परक्या दुकानात कार्ड पुढे केले की यंत्र 'रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात' असे आदबीने विचारते; तेथे स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयाचा दर तो दुकानदाराचा मध्यस्थ ठरवितो आणि आपल्या अज्ञानाची किंमत त्यात मिळवितो. बँकाही परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावतात. तो लहान अक्षरांत छापलेला असतो आणि चलनबदलावरचा वस्तू व सेवा कर त्यावर चढतो.

नेपाळ मात्र या सर्व गोंधळापासून मुक्त आहे. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना एकशेसाठ नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे आणि आपल्याला व्हिसा लागत नाही. महाराष्ट्रातून लुंबिनीला जाणाऱ्या बौद्ध बांधवांना डॉलर नव्वदावर गेल्याची झळ म्हणूनच फारशी लागत नाही. याउलट मालेगावचा यंत्रमाग कामगार हजसाठी वर्षानुवर्षे पैसे साठवतो, त्याची अवस्था पाहा. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरशी बांधलेला आहे, एका डॉलरला पावणेचार रियाल. २०११ मध्ये डॉलर पंचेचाळीस रुपयांचा असताना रियाल बारा रुपयांचा होता. डॉलर नव्वदावर जाताच तो चोवीसचा झाला. मागावर उभे राहून जमविलेल्या रुपयांची निम्मी शक्ती या चौदा वर्षांत विरून गेली, आणि त्या माणसाने तर परदेशी चैनीचा विचारही केलेला नव्हता.

म्हणजे 'परदेशप्रवास ही श्रीमंतांची चैन, ती महाग झाली तर आपले काय गेले' ही जी भावना आपल्या कार्यकर्त्यांत आजही आढळते ती तपासून घेतली पाहिजे. तिच्यामागे एक इतिहास आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. परदेशी शिकणाऱ्या मुलाला शंभर डॉलर पाठवणाऱ्या बापाला त्या दिवसापासून ४७६ ऐवजी ७५० रुपये लागू लागले. त्या काळात परदेशी जावयाचे तर रिझर्व्ह बँकेच्या 'पी फॉर्म'ची मंजुरी लागे, आणि खिशात आठ डॉलर घेऊन विमानातून उतरल्याच्या आठवणी त्या पिढीतील असंख्य लोक आजही सांगतात. पुढे १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा आला. परकीय चलन दुर्मीळ आहे, ते यंत्रसामग्री आणि धान्यासाठी राखले पाहिजे, हे तत्त्व आम्हांला तेव्हा मान्य होते आणि तत्त्व म्हणून ते चुकीचे नव्हतेच. परंतु व्यवहारात झाले असे, की ज्याची परदेशी बँकेत खाती होती आणि हवाल्याच्या वाटा ज्याला ठाऊक होत्या त्याला नियमांचा काच कधी जाणवला नाही; काच जाणवला तो शिष्यवृत्तीवर निघालेल्या विद्यार्थ्याला. निर्बंधांचे समर्थन करताना ते कोणाच्या गळ्याशी घट्ट होत आहेत हे पाहण्यात आपण कमी पडलो. नैतिकतेचे बोट आपण प्रवासाकडे दाखविले, दाखवावयास हवे होते ते प्रवाशाच्या उत्पन्नाकडे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता परदेशगमन ही चैन नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला, त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला, आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात तो हक्क अधिक भक्कम झाला. हा दुसरा खटला जनता सरकारने पारपत्र जप्त केल्यामुळे उभा राहिला होता, हे आपल्या गोटात फारसे आठवले जात नाही. पारपत्र मनमानीपणे अडवता येत नाही हे ठरले. मात्र तो हक्क बजावण्याला किती रुपये पडतात हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेत येत नाही.

या प्रश्नाची धग महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून त्यांनी पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले, आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. ते वर्ष रुपयाच्या इतिहासातील अत्यंत विलक्षण वर्ष होते. फेब्रुवारीत रुपया अडीच शिलिंगांच्याही वर चढला होता. पुढच्या वर्षी तो सव्वा शिलिंगाच्या घरात कोसळला. शंभर पौंडांना अडीच शिलिंगांच्या दराने आठशे रुपये लागत, सव्वा शिलिंगाच्या दराने सोळाशे. रुपयांत बचत करून विलायतेत राहणाऱ्या प्रत्येक हिंदी विद्यार्थ्याच्या ताटातील भाकरी या हिशेबाने अर्धी झाली असली पाहिजे. आणि अशा काळात लंडनमध्ये बसून या माणसाने प्रबंध लिहिला तो रुपयाच्याच प्रश्नावर. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथातील एक विवेचन आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकविले. हुंडणावळ उतरली की निर्यात वाढते, उद्योगाला नफा होतो, म्हणून देशाचा फायदा होतो, असे तेव्हाही म्हटले जाई. आंबेडकरांनी विचारले की हा नफा येतो कोठून? किमती चढतात तितक्या वेगाने मजुरी चढत नाही. सबब मालकाचा नफा हा परदेशातून आलेला नसून आपल्याच देशातील मजुराच्या वाट्यातून आलेला असतो. एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेली रक्कम राष्ट्राच्या लाभाच्या खात्यावर मांडता येत नाही. शंभर वर्षे उलटली तरी रुपयाची चर्चा याहून फार पुढे गेलेली नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो, खाद्यतेलाचाही निम्म्याहून मोठा भाग आयात होतो; ज्या म्हातारीने पारपत्र डोळ्यांनी पाहिलेले नाही तीही उतरत्या रुपयाचे भाडे फोडणीच्या तेलात आणि एस.टी.च्या तिकिटात भरीत असते.

दुसरीकडे याच रुपयाने आनंदित होणारी माणसेही आहेत, असे सांगितले जाते. रत्नागिरीच्या किंवा रायगडच्या किनाऱ्यावरून आखातात गेलेला सुतार, वाहनचालक, आचारी. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला जखडलेला आहे. महिन्याला आठशे दिरहम घरी पाठवणाऱ्याच्या आईला २०११ मध्ये नऊ हजार आठशे रुपये मिळत, डॉलर नव्वदाचा झाल्यावर तिला साडेएकोणीस हजार मिळू लागले. दुप्पट! पण याच चौदा वर्षांत आपला ग्राहक किंमत निर्देशांकही दुपटीच्या आसपास गेला. मुलाचा पगार दिरहमांत फारसा वाढला नसेल तर त्या माउलीच्या हाती आलेल्या दुप्पट रकमेत पूर्वीइतकाच बाजार भरतो. कमावले काय, तर गमावले नाही एवढेच. शिवाय तेथे पोहोचण्यासाठी दलालाला दिलेली रक्कम आहेच. कायद्याने भरती करणाऱ्या परवानाधारकाला तीस हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येतात. प्रत्यक्षात किती घेतात ते कोकणातील कोणत्याही वाडीत जाऊन विचारावे. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याच सरकारने आखाती देशांसाठीची शिफारस-मजुरीची किमान पातळी मोठ्या प्रमाणात खाली आणली होती. ओरड झाल्यावर २०२१ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला.

आता डॉलर आणतो कोण आणि नेतो कोण, हा जमाखर्च पाहू. २०२३-२४ या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे ११९ अब्ज डॉलर पाठविले. त्यात अमेरिकेतील उच्चशिक्षितांचा वाटा आता सर्वांत मोठा आहे हे मान्य केले पाहिजे. तरीही आखातातील सहा देशांतून आलेला हिस्सा एकतृतीयांशाहून अधिक आहे, आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला आहे. त्याच वर्षी 'उदारीकृत प्रेषण योजने'खाली निवासी भारतीयांनी सुमारे ३२ अब्ज डॉलर बाहेर नेले. त्यांपैकी १७ अब्ज प्रवासावर गेले, शिक्षणावर साडेतीन अब्ज. २००४ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा माणशी मर्यादा पंचवीस हजार डॉलरांची होती. २०१३ च्या चलनसंकटात ती काही काळ आखडली गेली आणि २०१५ पासून अडीच लाख डॉलर झाली. नव्वदच्या दराने ही रक्कम सव्वादोन कोटी रुपये होते, आणि ती दर माणशी, दर वर्षी, अज्ञान मुलांसह. देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आसपास असताना ही मर्यादा कोणासाठी आहे हे सांगावयास नको. आखातात उन्हात राबणाऱ्याने आणलेला डॉलर पॅरिसच्या खरेदीवर खर्च होतो असे म्हटले तर ते थोडे भडक होईल, कारण डॉलरांवर नावे लिहिलेली नसतात. परंतु गंगाजळी एकच आहे.

सरकारला हे दिसत नाही असे नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांवरील परदेशी सहलींच्या रकमेवर वीस टक्के कर उगमाशीच गोळा करण्याचे ठरले. पुढील अर्थसंकल्पांत मर्यादा आणि दर शिथिल होत गेले. हा कर अखेर प्राप्तिकरात वळता होतो. मोठा करदाता तो आपल्या आगाऊ करातून लगेच वजा करून घेतो. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही अशा निवृत्त शिक्षकाला किंवा हजयात्रेकरूला तो परत मिळविण्यासाठी विवरणपत्र भरून वाट पाहावी लागते. शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेवरील वसुली १ एप्रिल २०२५ पासून बंद झाली, तेवढे योग्य झाले.

प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव किरकोळ आहे, पण सांगून टाकतो. १९९१ च्या उन्हाळ्यात युरोपातील एका चर्चासत्राचे निमंत्रण होते. निम्मा खर्च ते देणार होते, निम्मा आपण करावयाचा होता. नव्या अधिव्याख्यात्याच्या पगारातून तो कसाबसा जमविला होता. १ आणि ३ जुलै या दोन दिवशी सरकारने रुपया दोन टप्प्यांत खाली आणला आणि एकवीस रुपयांचा डॉलर पंचवीस-सव्वीसच्या घरात गेला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण ठेवले गेले. आमचे जाणे राहिले. त्याचे दुःख फार वाटले नाही. देशाचे सोने निघून जात असताना एका अधिव्याख्यात्याच्या निबंधाचे काय एवढे! पण जे सहकारी गेले ते कोण होते हे मात्र लक्षात राहिले. ज्यांच्या घरी आधीच कोणीतरी परदेशात होते, तेच जाऊ शकले.

सांगलीच्या शिक्षकाला आम्ही सांगितले ते असे. बंदिस्त खात्यातील रक्कम हे शुल्क नव्हे. दरमहा ९९२ युरो या हिशेबाने ती मुलीलाच खर्चासाठी परत मिळणार आहे. म्हणून तिच्याकडे गेलेला पैसा म्हणून पाहू नको, आगाऊ भरलेला घरखर्च म्हणून पाहा. तेथे विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, परंतु पहिल्या सहामाहीत त्या मिळकतीवर विसंबून अंदाजपत्रक करू नये. सार्वजनिक बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारणाची सक्ती नाही. शाखाधिकारी नाही म्हणाला तर ते लेखी माग. उरलेले भविष्य निर्वाह निधीच्या अग्रिमातून उभे कर. युरो एकदम सगळे शेवटच्या आठवड्यात घेऊ नको. प्रवेशपत्र हाती असेल तर दोन-तीन टप्प्यांत घे, म्हणजे एकाच वाईट दिवशी सापडणार नाहीस. दर आणखी उतरेल की चढेल हे आम्ही सांगू शकत नाही आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. अंदाजपत्रकात आजच्या दरावर दहा टक्के वाढ धरूनच चाल. आणि द्राक्षबाग गहाण टाकू नको. हुंडणावळ आणि अवकाळी पाऊस हे दोन्ही जुगार एकाच सातबाऱ्यावर खेळू नयेत.

हा झाला एका कुटुंबापुरता शहाणपणा. पण ज्याच्याजवळ ना बाग आहे ना निर्वाह निधी, त्याला आम्ही कोणता टप्पा सांगावा? त्याच्यासाठी शिष्यवृत्तीच हवी, आणि ती परकीय चलनात ठरलेली हवी. अनुसूचित जाती आणि इतर काही वंचित घटकांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर आणि ब्रिटनसाठी ९,९०० पौंड निर्वाहभत्ता असतो. डॉलर ऐंशीचा असो की नव्वदाचा, विद्यार्थ्याच्या जेवणात फरक पडत नाही. उतरत्या रुपयाचा भार सरकार उचलते. आमच्या मते सामाजिक न्यायाची याहून नेटकी व्यवस्था नाही. पण जागा किती? संपूर्ण देशासाठी १२५. जुलै २०२५ मध्ये तर निवड झालेल्या १०६ जणांपैकी फक्त ४० जणांना प्रथम तात्पुरती पत्रे दिली गेली आणि उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास विचार होईल असे कळविले गेले. परदेशी विद्यापीठाची तारीख निधीची वाट पाहत नाही. १७ अब्ज डॉलर एका वर्षात प्रवासावर बाहेर जाऊ देणाऱ्या देशात साठ-पासष्ट मुलांच्या शिक्षणाचे डॉलर अडावेत, याला चलनटंचाई म्हणता येत नाही. अडीच लाख डॉलरांच्या मर्यादेतून सहलीसाठी मोठ्या रकमा नेणाऱ्यांवर एक टक्का अधिभार, जो प्राप्तिकरात वळता होणार नाही, बसवावा आणि तो थेट या शिष्यवृत्तीच्या खात्यात जावा, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत आणि विधिमंडळात लावून धरावी. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा वाढविण्याची मागणीही तिच्याबरोबरच झाली पाहिजे.

शिक्षकाने कर्जाचा अर्ज केला आहे. दुसऱ्या दिवशी मुलीने स्वतः दूरध्वनी केला. तिला शिकून परत यावयाचे आहे, सांगलीतच शिकवावयाचे आहे. "आजोबा, तिथेच नोकरी केली तर साडेसात लाखांचे कर्ज सात हजार युरोंचे होते, दोन-तीन वर्षांत फिटेल. परत आले तर इथे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर नेमणूक मिळणार, आणि हप्ता दहा हजारांच्या आसपास. मग जे परत येत नाहीत त्यांना तुम्ही नावे का ठेवता?" आम्ही तिला एवढेच म्हणू शकलो की बाळ, आधी व्हिसा तर मिळू दे.